ऑर्थो करून तालुक्याच्या गावी बसायचं असेल तर

पैनगंगाकाठ
नमस्कार. यंदाच्या नीट पीजीत ऑर्थोपेडिक्स मिळण्याइतका नंबर येईल असं दिसतंय. निवड दोन्हींत आहे: सरकारी मेडिकलमध्ये एम.एस., नाहीतर नागपुरातल्या खासगी हॉस्पिटलात डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी). पुढे यवतमाळ जिल्ह्यातच, तालुक्याच्या गावी काम करायचं हे ठरलेलं आहे. पुण्या-मुंबईचे सीनियर बोलतात ते सगळं सांधेरोपण आणि आर्थ्रोस्कोपीबद्दल (दुर्बिणीनं सांध्याचं ऑपरेशन). मला विचारायचंय ते वेगळं. इकडे खरोखर कोणतं काम येतं, त्यासाठी काय शिकून यावं लागतं, आणि काय हाताशी नसताना हात घालू नये? मी मुलगी आहे. 'ऑर्थोला ताकद लागते' हे रोज ऐकते, त्याबद्दलही जाणकारांनी लिहावं.

नांगरफाळ
ताई, आधी कामाबद्दल. आपल्याकडचं ऑर्थो हंगामावर चालतं. जून-जुलैत चिखलात घसरून मनगट मोडलेले, आणि खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बाया. सोयाबीन निघालं की मळणीयंत्रात गेलेले हात. दिवाळीनंतर कापसाच्या गाडीवरून, गंजीवरून पडलेले आणि जिनिंगच्या पट्ट्यात सापडलेले. चिंच, आंबे उतरवायच्या दिवसांत झाडावरून पडलेले. दुचाकीचे अपघात बाराही महिने, आणि त्यांत नडगी पुढे, कारण नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली मांसच नाही. हाड लगेच बाहेर येतं.

झाडावरून पडलेल्याची टाच मोडली असेल तर कमरेचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. टाचेवर बसलेला दणका वर डी-१२, एल-१ मणक्यापर्यंत (छातीचा शेवटचा, कमरेचा पहिला) जातो. टाच इतकी दुखते की माणूस कमरेचं नावच काढत नाही. लघवी झाली का आणि गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का, या दोन गोष्टी विचारून, तपासून केसपेपरवर लिहायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उघडं फ्रॅक्चर. गस्टिलो-अँडरसन वर्गीकरण परीक्षेसाठी सगळे पाठ करतात: जखम १ सेंमीपेक्षा लहान तर पहिला प्रकार, १ ते १० दुसरा, त्यापुढे तिसरा. शेतातल्या जखमेला ही फूटपट्टी लावायची नाही. काळ्या मातीत, शेणात किंवा मळणीयंत्रात झालेली जखम अर्ध्या सेंमीची असली तरी ती तिसऱ्या प्रकारातली धरूनच चालायचं. वरून भोक दिसतं, आत माती मांसाच्या पदरांत वीतभर गेलेली असते.

पेशंट आला की श्वास, रक्तदाब, दुसऱ्या जखमा आधी. मग जखमेचा एक फोटो, वर सलाइनची ओली गॉज, पट्टी, स्प्लिंट. त्यानंतर ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटर) ती कोणी उघडायची नाही. प्रत्येक जण 'बघू बघू' म्हणून उघडतो आणि वॉर्डातले जंतू आत जातात. सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून, पोहोचल्यापासून तासाच्या आत. तिसऱ्या प्रकाराला जेंटामायसिन जोडायचं, पण शॉकमधल्या किंवा किडनी अधू असलेल्या पेशंटला जपून. माती-शेण असेल तर गॅस गँग्रीनच्या जंतूंसाठी पेनिसिलिन. धनुर्वाताची लस, आणि पूर्वीच्या डोसांचा भरवसा नसेल तर टिटॅनस इम्युनोग्लोबुलिन २५० युनिट दुसऱ्या दंडात.

ओटीत आधी कापायचं, मग धुवायचं. जखम दोन्ही बाजूंनी वाढवून हाडाची दोन्ही टोकं बाहेर काढून बघायची. स्नायू जिवंत आहे का ते चार गोष्टींवरून ठरतं: रंग, घट्टपणा, चिमट्याला आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. यांत रंग सगळ्यात जास्त फसवतो. ज्या हाडाच्या तुकड्याला मांस चिकटलेलं नाही तो काढून टाकायचा, कितीही मोठा असला तरी. सांध्याचा पृष्ठभाग असलेला तुकडा तेवढा अपवाद. सलाइन पहिल्या प्रकाराला ३ लिटर, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ९. बाटल्या स्टँडला टांगून साध्या नळीनं सोडलं तरी चालतं. २०१५ साली 'फ्लो' नावाच्या मोठ्या अभ्यासात जोराच्या पंपाचा जास्त फायदा दिसला नाही, आणि साबणाच्या द्रावणानं धुतलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त वेळा लागलं.

मग एक्स्टर्नल फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना घालून बाहेरून लावलेली चौकट. नडगीला ४.५ किंवा ५ मिमीच्या शँझ पिना, पुढच्या-आतल्या बाजूनं, आणि पुढे फ्लॅप (दुसरीकडचं मांस-कातडी आणून झाकणं) लागणार असेल ती जागा मोकळी सोडून. जखम त्याच दिवशी ताणून शिवायची नाही. ४८ तासांत पुन्हा उघडून बघायची. हाड उघडं राहत असेल तर प्लास्टिक सर्जनला फोन पहिल्याच दिवशी गेला पाहिजे. आठवडा उलटल्यावर फ्लॅप झाला तरी आत जंतूंनी घर केलेलं असतं.

रेसिडेन्सीत डेब्रीडमेंट (मेलेलं मांस-हाड कापून जखम साफ करणं) रात्री दोन वाजता ज्युनियरवर सोडून देतात, आणि सकाळच्या लिस्टमधलं नेलिंग (हाडाच्या पोकळीत सळई घालणं) मोठं काम समजतात. तालुक्याला बसणाऱ्या माणसासाठी हे अगदी उलट आहे. रात्रीचं ते काम चुकलं तर पुढची दोन वर्षं तो पेशंट पू घेऊन येत राहतो.

ड्रम_नंबर_दोन
डॉक्टरबाई, मी ओटी टेक्निशियन आहो. सर्जरीचं सर सांगतीलच, मी सामानाचं सांगतो.

तालुक्याले इम्प्लांटवाला नागपूरहून सेट (नेल, प्लेट, स्क्रू आन त्यांची हत्यारं) पाठवते, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत. तो सेट काल कोनत्या दवाखान्यात वापरला ते आपल्याले मालूम नसते. आला तसा ऑटोक्लेव्हमंधी (वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात) टाकू नका. रीमरच्या (हाड आतून कोरायच्या हत्याराच्या) नळीत, कॅन्युलेटेड म्हंजे आतून पोकळ ड्रिलच्या भोकात सुकेल रक्त असते, वाफ त्याच्या आत जात नाही. आधी डिटर्जंट आन ब्रश, मंग पाणी, मंग पूर्ण सुकवनं, मंग पॅकिंग. याले वेळ लागते, म्हनून सेट आदल्या दिवशी सायंकाळी पोचलाच पायजे. सकाळी सातले सेट आन नऊले ऑपरेशन, असं करू नका.

ऑटोक्लेव्ह १२१ डिग्री, १५ पौंड, ३० मिनिटं. घड्याळ दाब चढल्यावर लावायचं, बटन दाबल्यापासून नाही. आतली हवा पूर्ण जाऊ द्या, नाही तं काटा १५ वर दिसते आन तापमान कमीच राहते. ड्रम (कपड्यांचा डबा) ठासून भरला तं मंधातल्या गाऊनपर्यंत वाफ पोचत नाही. वरच्या टेपवर रेघा काळ्या झाल्या म्हंजे ड्रम तापला, येवढंच समजा. केमिकल स्ट्रिप ड्रमच्या मंधात टाकायची. इकडलं पाणी जड आहे, कॉइलवर खडूसारखा थर बसते. डिस्टिल्ड नाही तं आरओचं पाणी वापरा.

ड्रिलचं पाठ करून ठेवा: ३.५ मिमीच्या कॉर्टिकल स्क्रूले २.५ चा ड्रिल, ३.५ च्या लॉकिंग स्क्रूले २.८, ४.५ ले ३.२. २.५ आन २.८ ट्रेमंधी बाजूबाजूले ठेवू नका, घाईत अदलाबदल होते. २.८ नं पाडलेल्या भोकात कॉर्टिकल स्क्रू पकड घेत नाही, गोल गोल फिरते. बोथट ड्रिल हाड जाळते. ४७ डिग्रीवर मिनिटभर गेलं का तेवढं हाड मरते, आन दोन महिन्यानं स्क्रू ढिला. ड्रिल चालू असताना सिरिंजनं सलाइन सोडत राहा, आन ड्रिल बिट बदलायले कंजुषी करू नका.

नडगीचा नेल येते तेव्हा चांगल्या पायाची लांबी आदल्या दिवशी मोजा, गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून (ट्यूबरोसिटी) आतल्या घोट्याच्या टोकापर्यंत. त्या मापाचा, एक वरचा, एक खालचा, असे तीन नेल प्रत्येक जाडीत मागवा. नागपूर दीडशे किलोमीटरवर असताना पेशंट टेबलावर घेऊन नेल मागवता येत नाही. तुटलेला स्क्रू काढायचा सेट असल्याशिवाय जुना इम्प्लांट काढायले घेऊ नका.

सी-आर्मले (ओटीतल्या चालू चित्र दाखवनाऱ्या एक्स-रे मशीनले) वेगळी लाइन, वेगळी अर्थिंग. जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते काही सेकंद ध्यानात ठेवा: गाइड वायर सांध्याजवळ असन तं वीज गेल्याबरोबर हात थांबवा.

स्पायनल_२५
+१, विशेषतः सेट आदल्या दिवशी येण्याबद्दल.

भूलतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी जोडतो. दोन्ही आपल्या भागाच्या आहेत, पाठ्यपुस्तकात त्यांना एकेक परिच्छेद मिळतो.

सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि यवतमाळचाही बराच भाग. सॉल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची प्राथमिक चाचणी) सगळ्यांची करा, पण ती फक्त 'आहे' एवढंच सांगते. वाहक आहे की पीडित, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं कळतं. पेशंटला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दोन्हींचे अर्थ जपून लावायचे. पीडित पेशंटला उपाशी ठेवताना सलाइन सुरू ठेवायचं, ओटीचा एसी कमी करायचा, ऑक्सिजन ऑपरेशननंतरही चालू. हिमोग्लोबिन १० च्या आसपास पुरे. अठरा-वीस वर्षांच्या माणसाला भराभर पिशव्या लावून १२ वर नेलं तर रक्त घट्ट होतं आणि त्रास वाढतो. टूर्निकेट (रक्त थांबवणारा आवळपट्टा) शक्यतो नकोच. लावावाच लागला तर पाय पूर्ण रिकामा करून, कमीत कमी वेळ.

ऑर्थोवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: सिकलसेलचा पंचविशीचा मुलगा जांघेत दुखतं म्हणून येतो, लंगडतो, आणि एक्स-रे चांगला दिसतो. 'कंबर भरली' म्हणून गोळ्या देऊन परत पाठवतात. रक्तपुरवठा थांबून खुब्याचा गोळा सुकत असतो तेव्हा सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआय लागतो. गोळा खचल्यावर हाडात भोक पाडून दाब कमी करण्याचा फायदा उरत नाही. हाड दुखतं आणि ताप आहे, असं असेल तर हाडाचा रक्तपुरवठा थांबलाय की आत पू आहे, हे वेगळं करायला हवं. पू असेल तर कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नका. सिकलसेलमध्ये साल्मोनेला निघतो, आणि नेहमीच्या क्लोक्सासिलिनला तो दाद देत नाही.

दुसरं फ्लोरोसिस. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. अशा पेशंटचं हाड एक्स-रेवर पांढरंशुभ्र दिसतं. ते मजबूत समजू नका. ते ठिसूळ असतं, आणि ड्रिल मात्र त्यात लवकर झिजतो. मणक्याचे लिगामेंट हाडासारखे झालेले असतात, स्पायनलची (कमरेतून भूल द्यायची) सुई आत जात नाही. मान वळत नाही म्हणून श्वासाची नळी टाकणंही अवघड. ही केस आदल्या दिवशी मला दाखवा, टेबलावर नको.

आणि खुबा, मांडी, ओटीपोटाची हाडाची कमान (पेल्व्हिस): रक्तसाठा केंद्र हाताशी नसेल तर या तिघांना हात घालू नका. बंद मांडीच्या फ्रॅक्चरमध्येच लिटर-दीड लिटर रक्त आत साठतं, पट्टीवर थेंब दिसत नाही.

वऱ्हाडी_जीपी
हाडवैद्यांबद्दल कोणी बोललं नाही. तालुक्यात ऑर्थो टाकणाऱ्याला त्यांच्यासोबतच काम करावं लागतं, कारण निम्मे पेशंट आधी तिकडे जाऊन येतात.

त्रास कशानं होतो ते नेमकं माहीत असावं. बांबूच्या कामट्या आणि वर घट्ट कापड. हाड मोडल्यावर पहिले दोन दिवस सूज वाढते, कापड वाढत नाही. स्नायूच्या कप्प्यात दाब चढतो आणि बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. मोठी नाडी मात्र लागतच राहते, म्हणून 'नाडी आहे, काळजी नाही' हे वाक्य धोक्याचं आहे. पक्क्या खुणा दोन: बोटं हळूच सरळ केली की पेशंट ओरडतो, आणि इंजेक्शननंही दुखणं कमी होत नाही. तसं दिसलं की पट्टी, कामट्या, कापूस, सगळं कातडीपर्यंत कापायचं. हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, उंच टांगायचा नाही; उंच केला की आत येणारं रक्तही कमी होतं. अर्ध्या तासात आराम नाही तर फॅशिओटॉमी, म्हणजे कप्प्याचं आवरण कापून दाब मोकळा करणं. सहा तासांच्या पुढे स्नायू मरायला लागतो, आणि नंतर वाकडी झालेली बोटं कोणत्याही ऑपरेशननं पहिल्यासारखी होत नाहीत. जर्मन सर्जन फोल्कमानननं हे १८८१ मध्ये लिहून ठेवलंय, आणि आपल्या जिल्ह्यात आजही दिसतं.

पोरांच्या कोपराचं तर फारच. पडल्यावर कोपर ताठ झालं म्हणून तेल लावून चोळतात, ओढतात. सांध्याभोवतीच्या फाटलेल्या मांसात हाड तयार होतं आणि कोपर कायमचं बंद. आईबापाला दवाखान्यातून जाताना हेच बजावून सांगायचं: चोळायचं नाही. पोरगं स्वतः जेवढं वाकवेल तेवढंच.

हाडवैद्याला शिव्या घालून काही साधत नाही. लोक त्याचं ऐकतात. त्याला भेटून चार गोष्टी ठरवून घ्या: जखम असेल तर, बोटं काळी-निळी असतील तर, कोपराजवळ मोडलं असेल तर आणि लहान पोर असेल तर आधी एक्स-रे. थॉमस स्प्लिंट ज्यांच्या नावाचा आहे ते ह्यू ओवेन थॉमस स्वतः वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले होते, आणि मांडीचं फ्रॅक्चर हलवताना आजही आपण त्यांचाच स्प्लिंट लावतो.

आणखी एक. हाड मोडलं म्हणजे कायद्यानं ती गंभीर दुखापत, पूर्वी भादंविचं कलम ३२०, आता भारतीय न्याय संहितेचं ११६. गावातल्या भांडणाची केस असेल तर तुम्हाला साक्षीला जावं लागणारच. बाजू उजवी की डावी, एक्स-रे नंबर, तारीख, फ्रॅक्चर ताजं की जुनं, हे त्याच दिवशी लिहा.

निळा_गाऊन
ताकदीबद्दल मी लिहिते, मी स्वतः ऑर्थो सर्जन आहे.

ज्या ठिकाणी फार जोर लावावा लागतो तिथे बहुतेक वेळा भूल अपुरी असते किंवा दिशा चुकलेली असते. निखळलेला खांदा घ्या. पेशंटला टेबलावर पालथं झोपवायचं, हात कडेवरून खाली मोकळा सोडायचा, मनगटाला ४ ते ५ किलो वजन, १५ ते २० मिनिटं थांबायचं. स्नायू थकतो आणि खांदा बसतो. नाहीच बसला तर पाठीवरच्या स्कॅप्युलाचं (खांद्याच्या पात्याचं) खालचं टोक अंगठ्यानं मणक्याकडे ढकलायचं. बसवण्याआधी आणि नंतर दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर स्पर्श कळतो का ते लिहायचं, कारण ती नस निखळतानाच दुखावलेली असू शकते आणि नंतर दोष बसवणाऱ्यावर येतो. मोडलेलं मनगट बोटांत जाळीच्या नळ्या अडकवून लटकवता येतं, मांडीला फ्रॅक्चर टेबल ओढतं. टेबल आपल्या कोपराच्या उंचीवर आणा, उंच असिस्टंट वाकेल. बॅटरीचा हलका ड्रिल आणि आपल्या मापाचे हातमोजे आधीच सांगून ठेवा. रेसिडेन्सीत हे मागताना संकोच करू नका.

खरी काळजी घ्यायची ती किरणांची. सी-आर्मची किरण सोडणारी नळी खाली आणि इंटेन्सिफायर (चित्र घेणारा भाग) वर, पेशंटच्या जवळ. नळी वर ठेवली तर उलटून येणारे किरण तुमच्या डोक्याकडे आणि छातीकडे येतात. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते, म्हणून शूट करताना एक पाऊल मागे. ०.५ मिमीचा लेड अॅप्रन, तोही घागरा-जाकीट असा दोन भागांचा, म्हणजे वजन कमरेवर येतं. बिनबाह्यांच्या अॅप्रनमध्ये काखेची बाजू उघडी राहते, आणि बाजूनं येणारे किरण स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागावर पडतात. काखेचं पान जोडलेला अॅप्रन मिळतो, तोच घ्या. थायरॉइड कॉलर नेहमी. टीएलडी बॅज (किरणांची मात्रा मोजणारा) अॅप्रनच्या आत, छातीवर. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भासाठी १ मिलिसिव्हर्ट. त्यामुळे ते लवकर कळवा, आणि त्या काळात सी-आर्मची कामं वाटून घ्या. हे मागणं हक्काचं आहे.

पैनगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आता दोन प्रश्न. एम.एस. की डीएनबी? आणि पैशांचं गणित तालुक्यात बसतं का?

नांगरफाळ
कागदावर दोन्ही सारखे, दोन्ही तीन वर्षांचे. फरक हाताला काय मिळतं यात आहे. सरकारी मेडिकलला ट्रॉमा भरपूर, सामान कधी असतं कधी नसतं, आणि नसताना काय करायचं हे शिकायला मिळतं. मोठ्या खासगी ठिकाणी सांधेरोपण रोज बघायला मिळेल, पण पेशंट पैसे भरून आलेला असतो, मुख्य सर्जन सुरी सहजी सोडत नाही. याला अपवाद आहेत, म्हणून विभागाच्या नावावर जाऊ नका. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि नेमकं विचारा: नडगीचे नेल पहिला सर्जन म्हणून किती केले? सुप्राकॉन्डिलर पिनिंग (पोरांच्या कोपरावरच्या फ्रॅक्चरला तारा घालणं) किती? उघड्या फ्रॅक्चरला फ्लॅप कोण करतं, आणि तुम्हाला त्यात उभं राहू देतात का? इलिझारोव्ह (तारा आणि कड्यांची बाहेरची चौकट) बांधायला मिळतो का? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सांगतोय. पू झालेली, न जुळलेली, आखूड राहिलेली नडगी इकडे भरपूर आहे. मोठ्या माणसाला १.८ मिमीच्या तारा, लहान पोराला १.५, हाड कापल्यावर पाच ते सात दिवस थांबणं, मग दिवसाला १ मिमी, तेही पाव-पाव मिमी करून चार वेळा. हे पुस्तकात वाचून जमत नाही. पिनेजवळची जागा कशी साफ करायची हे पेशंटच्या घरच्यांना शिकवणं, हाही त्याचाच भाग.

तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी आता असतेच. ती सुट्टी समजू नका. आपल्याच भागातलं जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय मागा आणि तिथे काय सामान नाही याची नोंद करा. बाँडचे (पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचे) नियम प्रवेशाच्या वेळी छापील वाचून घ्या.

ट्रस्टी_नोंदवही
हॉस्पिटलचा हिशोब बघतो, पैशांचं मी सांगतो.

सुरुवात एक्स-रे आणि प्लास्टर रूमनं करा. सी-आर्म दुसऱ्या टप्प्यात, कारण तो रोज चालला तरच परवडतो. एक्स-रे आणि सी-आर्म दोन्हींना ई-लोरा या पोर्टलवर एईआरबीची परवानगी लागते, खोलीच्या भिंतीची जाडी आणि दाराचं शिसं आधीच बघतात. बांधून झाल्यावर भिंत फोडायची वेळ येऊ देऊ नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हॉस्पिटल बसलं तर पेशंट येतात, पण पैसे उशिरा येतात आणि काही पॅकेजेस सरकारी दवाखान्यांसाठीच राखीव आहेत. दावा अडकतो तो साध्या गोष्टींवर: ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, त्यावर पेशंटचं नाव आणि तारीख, इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर. स्टिकर ओटीतच केसपेपरवर चिकटवायची सवय लावा. दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात गेलेलं असतं.

सांधेरोपणाच्या भरवशावर तालुक्याचं गणित मांडू नका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सेटला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. पेशंटसाठी ते चांगलंच झालं. पण ज्याला पैसे खर्चून गुडघा बदलायचा आहे तो नागपूरला जातो. इकडे रोजचा खर्च निघतो तो ओपीडी, प्लास्टर, लहान फ्रॅक्चर आणि फिजिओथेरपीतून. शेतकऱ्याच्या हातात पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो. इम्प्लांटवाल्याला महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. पावसाळ्यातले तीन-चार महिने हातचं भांडवल ठेवल्याशिवाय सुरू करू नका. नाहीतर उधारीपोटी हलक्या प्रतीचा नेल वापरायची पाळी येते, आणि तो तुटला की तुमचंच नाव जातं.

चालतं_पाऊल
फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशनच्या आधी एक प्रश्न विचारत जा: काम काय करता? निंदणं-खुरपणं आणि कापूस वेचणं करणाऱ्या बाईला उकिडवं बसता आलं पाहिजे. मांडीला नेल उत्तम बसला, हाड जुळलं, पण गुडघा ९० च्या पुढे वाकत नाही, तर तिची मजुरी गेली. फिक्सेशन पक्कं असेल तर दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायला लावा. घरी खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा, चांगल्या पायानं मागे ढकलायचा. यंत्र लागत नाही. आणि ज्याला खुबा बदलून दिला त्याला उकिडवं बसायचं नाही हे सांगताना घरात संडास कोणता आहे ते विचारा. खुर्चीला मधे भोक पाडून देणारा सुतार प्रत्येक गावात आहे.

वाकडे पाय घेऊन जन्मलेली बाळं, हे काम ऑर्थोवाल्यानं आवडीनं करावं. पॉन्सेटी पद्धतीला ओटीही फारशी लागत नाही. दर आठवड्याला एक प्लास्टर, मांडीपर्यंत, गुडघा ९० अंशात. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाय वळतो. टाच शेवटी. आधीच टाच खाली ओढायला गेलं तर तळवा मधून मोडतो आणि बहिर्गोल होतो. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची कंडरा (टेंडन) जागीच भूल देऊन कापावी लागते, मग तीन आठवड्यांचं प्लास्टर. नंतर बूट-पट्टी: तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय पुन्हा वळतो तो बहुतेक बूट सोडल्यामुळे. म्हणून आजीला समोर बसवून समजावा, बाळ रडलं की बूट तीच काढते. जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढायला सांगू नका. रात्रीतून मिळवलेलं थोडं परत जातं. क्लिनिकमध्येच काढा. बाजाराच्या दिवशी क्लिनिक ठेवलं तर एसटीनं येणं जमतं.

पैनगंगाकाठ
बूट-पट्टी आणि आजीचं वाचून नोट करून ठेवलं. शेवटचं एक विचारते. इंटर्नशिपमध्ये सध्या प्लास्टर रूमची ड्युटी आहे. मे महिन्यात स्लॅबखाली पेशंटला भाजतं अशी तक्रार दोनदा ऐकली. प्लास्टर निकृष्ट असतं का?

ड्रम_नंबर_दोन
प्लास्टर नाही, पाणी. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी हात घालवत नाही इतकं तापते. प्लास्टर घट्ट होताना सोता गरमी सोडते, त्यात गरम पाणी म्हंजे दुप्पट. सावलीतलं, बादलीत भरून ठेवेल पाणी घ्या, २२ ते २५ डिग्री. हाताच्या स्लॅबले ८ ते १० थर, पायाच्या स्लॅबले १२ ते १५. जास्त थर म्हंजे जास्त गरमी. एकच पाणी दिवसभर वापरू नका, तळाशी प्लास्टर बसलं का पुढचं लवकर घट्ट होते आन जास्त तापते. ओला स्लॅब रेक्झिनच्या उशीवर ठेवू नका, खालची गरमी निघत नाही. सुती कापडावर, उघडा, पंख्याखाली ठेवा. आन पेशंट 'भाजून राहिलं' म्हनला तं थांबायचं नाही, लगेच काढायचं.